परळची प्रयोगशाळा आणि वाशिमचे बालक

वैद्यकशास्त्राचे २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्कॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तीन शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर तुटून का पडत नाही, या प्रश्नाचा उलगडा त्यांच्या संशोधनाने झाला. त्या बातमीतील एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. ब्रन्कॉव आणि रॅम्सडेल यांनी उंदरांच्या एका रोगट वाणात जे जनुक शोधून काढले, त्याच जनुकातील दोषामुळे लहान मुलग्यांना एक दुर्मीळ आणि बहुधा प्राणघातक आनुवंशिक आजार होतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. प्रतिकारशक्तीविषयीचे ज्ञान अशा दुर्दैवी बालकांच्या रक्तातूनच पुष्कळ अंशी वाढत आले आहे. त्या ज्ञानाचा किती भाग परत अशा बालकांपर्यंत, विशेषतः वाशिमसारख्या जिल्ह्यातील बालकांपर्यंत पोचतो, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो अर्थव्यवस्थेचा आणि राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

जन्मजात प्रतिकारन्यूनता हा एक आजार नसून आजारांचे मोठे कुटुंब आहे. साडेचारशेहून अधिक जनुकांतील दोषांशी त्यांचा संबंध आजवर जोडला गेला आहे. कोणाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, कोणाच्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचतात पण त्यांना मारू शकत नाहीत, तर कोणाच्या शरीरात प्रतिकारक पेशीच जवळजवळ नसतात. एड्समध्ये प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या विषाणूमुळे नष्ट होते. येथे ती जन्मतःच उणी असते. काही प्रकार सौम्य असतात व प्रौढपणी ध्यानात येतात. ज्यात प्रतिकारयंत्रणेची दोन्ही अंगे लुळी असतात तो सर्वांत तीव्र प्रकार मात्र उपचार न मिळाल्यास बहुधा पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच बालकाचा बळी घेतो.

संशोधनाची वाटचाल

या शास्त्राचा आरंभ साधारणपणे १९५२ पासून मानला जातो. वॉशिंग्टनमधील लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रुटन या डॉक्टरांपुढे आठ वर्षांचा एक मुलगा वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाने आजारी होऊन येत होता. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हा घटकच नाही, असे तपासणीत आढळले. दुसऱ्यांच्या रक्तातून वेगळा केलेला तो घटक दरमहा टोचण्यास सुरुवात होताच मुलाची प्रकृती सुधारली. आजाराचे निदान आणि त्यावरील उपचार एकाच वेळी हाती यावेत, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडते. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांनी मिनेसोटात तीव्र प्रतिकारन्यूनतेच्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचविले. १९९० मध्ये अमेरिकेत याच गटातील एका आजारावर जनुकोपचाराचा पहिला प्रयोग झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्याच आजाराच्या ६२ बालकांवर जनुकोपचार करण्यात आला, त्यांपैकी ५९ जणांत तो यशस्वी झाला आणि सर्व ६२ बालके हयात होती.

महाराष्ट्राला या क्षेत्रात परक्यासारखे उभे राहण्याचे कारण नाही. ज्या वर्षी ब्रुटन यांचा शोध प्रसिद्ध झाला त्याच १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अपूर्व रक्तगट शोधला. जगभर तो 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. पुढे चाळीस वर्षांनी असे आढळले की, पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून संसर्गाच्या जागी पोचता येत नाही अशा एका आनुवंशिक आजारात रुग्णाचा रक्तगट हाच असतो. १९५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था वाढली. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ही संस्था आणि चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था ही जन्मजात प्रतिकारन्यूनतेच्या निदानाची देशातील प्रमुख केंद्रे आहेत. परळमध्येच वाडिया बालरुग्णालयात अशा मुलांवर उपचार होतात. २०११ मध्ये या विषयातील डॉक्टरांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. तात्पर्य, ज्ञान आहे आणि तज्ज्ञही आहेत. परंतु ही सारी सामग्री एका उपनगराच्या चार गल्ल्यांत एकवटलेली आहे आणि रिसोड, मानोरा, मंगरूळपीर येथील बालक तेथून काही शे किलोमीटर दूर आहे.

न दिसणारी संख्या

अंतरापेक्षाही मोठी अडचण ही की, हा आजार स्वतःच्या नावाने कधी समोर येत नाही. तो न्यूमोनिया, अतिसार, कान वाहणे, तोंड येणे, वजन न वाढणे अशा परिचित दुखण्यांच्या वेषात येतो. ज्या प्रदेशात ही दुखणी घरोघर आहेत तेथे तिसऱ्यांदा न्यूमोनिया झालेले मूल डॉक्टरांना वेगळे वाटत नाही. प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी आणि नवे प्रतिजैविक. मूल दगावले तर नोंद होते ती न्यूमोनियाची. कारणाची नोंद नाही म्हणून आजार मोजला जात नाही आणि मोजला जात नाही म्हणून अंदाजपत्रकात त्याला स्थान मिळत नाही.

तरीही ढोबळ अंदाज करता येतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे बाराशे माणसांमागे एकाला अशा आजाराचे निदान झालेले आढळले. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ लाख ९७ हजार होती. तेच प्रमाण येथे लावले तर हजाराच्या घरात संख्या जाते. दोन देशांची परिस्थिती भिन्न असल्याने हा आकडा निम्म्याने कमी केला तरी पाचशे माणसे उरतात. हा काटेकोर हिशेब नव्हे. तथापि 'असले आजार आपल्याकडे नसतात' ही समजूत किती निराधार आहे, हे दाखविण्यास तो पुरेसा आहे. शिवाय आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक जुळविण्याची चाल आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होणारे प्रकार अशा विवाहांच्या संततीत अधिक संभवतात.

निदानाला उशीर झाल्याची किंमत किती असते, याचा पुरावा स्पष्ट आहे. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून २०१४ मध्ये तीव्र प्रतिकारन्यूनतेच्या बालकांचा आढावा प्रसिद्ध केला. साडेतीन महिन्यांच्या आत मज्जारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बालके पाच वर्षांनंतर हयात होती. त्याहून मोठ्या आणि रोपणाच्या वेळी संसर्गाने ग्रासलेल्या बालकांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. रोग तोच, उपचारही तोच. अंतर फक्त काही आठवड्यांचे. म्हणूनच विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावर या आजाराची सरसकट तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत पोचली. भारतात अशी सार्वत्रिक तपासणी नाही. देशातील अनेक संस्थांनी एकत्रितपणे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत या तीव्र प्रकाराच्या २७७ बालकांची नोंद होती. त्यांतील फार थोड्यांपर्यंतच मज्जारोपण पोचू शकले.

औषध, बाजार आणि शेतकऱ्याचे उत्पन्न

ज्या मुलांत केवळ प्रतिपिंडे तयार होत नाहीत त्यांना मज्जारोपणाची गरज सहसा नसते. दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले की ती शाळेत जातात, खेळतात आणि मोठी होतात. परंतु हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. हजारो दात्यांच्या रक्तातील प्लाझ्मा एकत्र करून त्यातून ते वेगळे काढावे लागते. एका प्रौढ रुग्णाच्या वर्षभराच्या उपचारासाठी सुमारे १३० प्लाझ्मादाने लागतात, असा हिशेब पाश्चात्त्य देशांत केला जातो. मात्रा वजनाप्रमाणे ठरते. किलोमागे साधारण अर्धा ग्रॅम धरली तर वीस किलो वजनाच्या मुलास दर खेपेला दहा ग्रॅम लागतात. मूल वाढेल तसा खर्च वाढतो. इतर घरांत ज्या वजनवाढीचा आनंद होतो, तीच या घरात नव्या कर्जाची सूचना ठरते.

वाशिमचा शेतकरी सोयाबीन आणि तूर पिकवतो. त्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास आणि नंतर थोडाबहुत तुरीच्या हंगामात. औषधाची गरज मात्र दरमहा, न चुकता. वर्षातून एक-दोनदा येणारे उत्पन्न आणि दरमहा येणारा हजारोंचा खर्च यांचा मेळ बसविण्याचे साधन त्याच्यापाशी एकच असते, ते म्हणजे सावकार. बहुतेक वेळा पुढचा डोस लांबतो, मग संसर्ग होतो, रुग्णालयात दाखल व्हावे लागते आणि औषधाच्या किमतीपेक्षा अधिक पैसा त्यात जातो. यातून फुप्फुसाची जी हानी होते ती भरून निघत नाही.

अशा ठिकाणी शासनाने उभे राहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही आणि काही पावले पडलीही आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. तीव्र प्रतिकारन्यूनतेचा समावेश एकदाच करावयाच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या आजारांत, तर इम्युनोग्लोब्युलिनवर जगणाऱ्या रुग्णांचा समावेश दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या आजारांत करण्यात आला. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ही मदत ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक आहे. राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. परंतु तिची रचना उपचारांच्या ठरलेल्या यादीवर आधारलेली आहे. एकदा शस्त्रक्रिया झाली की प्रकरण संपले, असा हिशेब या योजनांच्या मुळाशी असतो. जन्मभर दरमहा लागणारे औषध त्या चौकटीत नीट बसत नाही.

हा प्रश्न केवळ बाजारावर सोपविता येणार नाही, हे युरोपातील एका उदाहरणावरून दिसते. एका प्रकारच्या तीव्र प्रतिकारन्यूनतेवरील 'स्ट्रिमव्हेलिस' या जनुकोपचाराला तेथे २०१६ मध्ये मान्यता मिळाली. किंमत होती ५ लाख ९४ हजार युरो. उपचार गुणकारी होता, पण गिऱ्हाईक मोजके. ज्या बड्या कंपनीने तो बाजारात आणला तिने २०१८ मध्ये तो दुसऱ्या कंपनीला दिला आणि त्या दुसऱ्या कंपनीनेही २०२२ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. अखेर लोकवर्गणीवर चालणाऱ्या टेलेथॉन या इटालियन संस्थेने २०२३ मध्ये तो स्वतःकडे घेतला. औषध सापडले म्हणजे ते टिकून राहीलच असे नाही. ज्याला पुरेशी मागणी नाही, ते बाजार टाकून देतो.

अग्रक्रमाचा आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. वाशिमचा समावेश नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत २०१८ मध्ये झाला. कुपोषण, रक्तक्षय, प्रसूतीच्या सोयी, पिण्याचे पाणी हे प्रश्न ज्या जिल्ह्यात पुरते सुटलेले नाहीत, तेथे दुर्मीळ आजारांवर पैसा खर्च करणे ही चैन नव्हे काय? दहा लाखांत एका मुलाला वाचवावे की त्याच पैशात शंभर मुलांना पोषक आहार द्यावा? हा पेच खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही.

त्याचे पहिले उत्तर असे की, बालमृत्यू जसजसे कमी होतात तसतसे उरलेल्या मृत्यूंचे स्वरूप बदलते. महाराष्ट्रात १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे शंभरच्या आसपास अर्भके दगावत. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. लसीकरण, क्षारसंजीवनी आणि गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याने सिद्ध करून दाखविलेल्या घरोघरच्या नवजात सेवेसारखे उपाय यांमुळे टाळता येण्याजोगे पुष्कळ मृत्यू टळले. आता जे उरतात त्यांत आनुवंशिक कारणांचा वाटा वाढणार, हे उघड आहे. हा आकडा १६ वरून आणखी खाली आणावयाचा तर अशा आजारांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

दुसरे उत्तर असे की, या आजाराचे परिणाम रुग्णाच्या घरापुरते मर्यादित राहत नाहीत. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीतील विषाणू निरोगी मुलाच्या शरीरातून काही आठवड्यांत निघून जातो. प्रतिपिंडे नसलेल्या काही रुग्णांच्या आतड्यांत मात्र तो दीर्घकाळ वाढत राहतो व बदलतो. ब्रिटनमधील अशा एका रुग्णाच्या शरीरातून तो सुमारे २८ वर्षे बाहेर पडत होता, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने मोठ्या कष्टाने २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळविले. ते टिकवावयाचे तर असे रुग्ण हुडकणे हा सार्वजनिक हिताचा भाग ठरतो. अर्थात यावरून लसीकरणाविषयी शंका घेणे सर्वस्वी चुकीचे होईल. उलट, ज्यांना जिवंत जंतूंची लस देता येत नाही अशा मोजक्या बालकांचे रक्षण भोवतालच्या सर्वांनी लस घेतली तरच होते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उत्तर असे की, साखळीतील पहिला दुवा जवळजवळ फुकट आहे. महाग आहे ते मज्जारोपण. संशय घेणे महाग नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतील लिम्फोसाइट पेशींची टक्केवारी लिहिलेली असते. दोहोंचा गुणाकार केला की लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या मिळते. तान्ह्या बालकात ती घनमिलिमीटरला साधारण तीन हजारांपेक्षा कमी भरली तर तीव्र प्रतिकारन्यूनतेचा विचार केलाच पाहिजे. पांढऱ्या पेशी सहा हजार आणि लिम्फोसाइट वीस टक्के, म्हणजे संख्या बाराशे. हा अहवाल तालुक्याच्या गावीही मिळतो. पण त्यातील टक्केवारीवरून नजर फिरते आणि गुणाकार राहून जातो.

वाशिममध्ये काय करता येईल

पंतप्रधानांच्या हस्ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला त्यांत वाशिमचे महाविद्यालय आहे. जिल्ह्यात बालरोगविभाग, विकृतिशास्त्र विभाग आणि विद्यार्थी येणे ही मोठी घटना आहे. वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या प्रत्येक बालकाची लिम्फोसाइट संख्या काढणे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण तपासणे ही शिस्त या महाविद्यालयाने पहिल्यापासून लावून घ्यावी. पुढील तपासणीसाठी ताजे रक्त एक-दोन दिवसांत मोठ्या प्रयोगशाळेत पोचावे लागते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला असून तो वाशिम जिल्ह्यातूनच जातो. त्या रस्त्याने आजारी मूल आणि त्याचे आईबाप मुंबईला धाडण्याआधी रक्ताची कुपी नियमितपणे धाडण्याची व्यवस्था झाली तर कितीतरी कुटुंबांची निष्फळ पायपीट वाचेल.

शाळा आणि अंगणवाड्यांतील मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या मूळ यादीत कान वाहणे आहे, तीव्र कुपोषण आहे. पण या दोहोंमागे असू शकणाऱ्या प्रतिकारन्यूनतेचे नाव नाही. यादीत एक ओळ वाढविण्यास नवे खाते लागत नाही. त्याहून सोपी गोष्ट जन्माच्या वेळची आहे. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस जन्मतःच दिली जाते. ती बालकांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून वाचवते व सर्वांना दिलीच पाहिजे. पण तीव्र प्रतिकारन्यूनतेच्या बालकात तेच जंतू सर्व शरीरात पसरू शकतात. पहिले मूल असेच दगावलेले असेल तर दुसऱ्याला लस देण्यापूर्वी तपासणी होणे आवश्यक आहे. त्यासाठी बाळंतिणीला दोन प्रश्न विचारावे लागतात: आधीचे एखादे मूल तान्हेपणी वारले काय, आणि माहेरी भाऊ किंवा मामा लहानपणीच गेले काय? आशा कार्यकर्तीला गावातील घरांची वंशावळ बहुधा तोंडपाठ असते. हे प्रश्न तिच्या नोंदवहीत छापले गेले पाहिजेत.

औषधाच्या बाबतीत महाराष्ट्राची जमेची बाजू रक्तदानाची आहे. गणेशोत्सव असो, शिवजयंती असो वा आंबेडकर जयंती, गावोगाव शिबिरे होतात आणि रक्तसंकलनात हे राज्य देशातील अग्रगण्य राज्यांपैकी एक आहे. रुग्णांना बव्हंशी तांबड्या पेशी लागतात. प्लाझ्मा मोठ्या प्रमाणात उरतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारने अशा शिल्लक प्लाझ्माचा विनिमयदर लिटरला १,६०० रुपये ठरविला. हा मोबदला यंत्रे किंवा अन्य सामग्रीत घेण्याऐवजी इम्युनोग्लोब्युलिनच्या रूपाने परत घेतला आणि ते जिल्हा रुग्णालयांतून दरमहा मोफत दिले, तर विनामूल्य दिलेल्या रक्ताचा लाभ देणाऱ्यांच्याच मुलांना मिळेल. आज तोच प्लाझ्मा औषध होऊन परत येतो तेव्हा दात्याच्या कुटुंबाला तो परवडत नाही.

विदर्भाने अशी वाट यापूर्वी चालून पाहिली आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार दीर्घकाळ असाच अनामिक होता. आज त्याची तपासणी गावपातळीवर होते, चंद्रपूर येथे त्यावरील संशोधन व उपचारांचे केंद्र २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आणि २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. आजाराला नाव मिळाले, मोजणी झाली आणि मग तरतूद झाली, हाच त्याचा क्रम होता.

नाव मिळण्याचे आणखी एक मोल आहे आणि ते पैशात मांडता येत नाही. यांतील काही प्रकारांत दोष आईच्या एका एक्स गुणसूत्रावर असतो. ती स्वतः निरोगी असते. तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना आजार होण्याचा संभव असतो आणि मुली सुखरूप राहतात. मुलगे जगत नाहीत आणि मुली जगतात, असे ज्या घरात घडते तेथे सुनेच्या वाट्याला काय येते, हे सांगावयास नको. दोष कोणाच्या पायगुणाचा नाही, तो एका जनुकाचा आहे आणि पुढील गर्भाची तपासणी करून तो वेळीच ओळखता येतो, एवढे त्या घराला समजावणारा कोणी शिक्षक किंवा डॉक्टर भेटला तर त्या स्त्रीचे आयुष्य पालटू शकते. माध्यमिक शाळेत आनुवंशिकतेचा धडा शिकविला जातो तो वाटाण्याच्या झाडांपाशी थांबू नये.

सगळी मुले वाचविता येणार नाहीत. मज्जारोपणाला जुळणारा दाता प्रत्येकास मिळत नाही आणि जनुकोपचार अजून दूर आहे. परंतु ज्याला औषध आहे ते मूल औषधाअभावी मरणे आणि त्याला काय झाले होते हेच कोणाला न कळता मरणे, या दोहोंत फरक आहे. पहिल्याचे कारण दारिद्र्य म्हणता येईल. दुसऱ्याचे कारण व्यवस्थेची अनास्था हेच आहे आणि ती दूर करण्यास राज्याच्या तिजोरीवर फारसा भार पडत नाही. वाशिमच्या नव्या महाविद्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने ठरविले तर येत्या वर्षातच त्याची सुरुवात होऊ शकेल.